धाराशिव जिल्ह्यातील विधी शिक्षण

धाराशिव जिल्ह्यातील विधी शिक्षण या विषयात महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यातील कायद्याचे पदवी शिक्षण, विद्यार्थ्यांचे शैक्षणिक जीवन आणि पदवीनंतरच्या संधी यांचा समावेश होतो. जिल्ह्याच्या मुख्यालयी असलेले डॉ. बापूजी साळुंखे विधी महाविद्यालय हे या शिक्षणाचे महत्त्वाचे केंद्र आहे. ते कोल्हापूरच्या श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेने चालविलेले असून छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ असून तीत ग्रामीण वस्तीचे प्रमाण फार मोठे आहे. जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी हे आठ तालुके आहेत. नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील जे चार जिल्हे निवडले गेले, त्यांत धाराशिवचा समावेश होता. येथील विधी विद्यार्थ्यापुढील मुख्य अडचण भाषेची आहे. ज्या न्यायालयात त्याला पुढे उभे राहायचे असते तेथील कामकाज प्रामुख्याने मराठीत चालते, परंतु ज्या ग्रंथांतून व निकालपत्रांतून तो कायदा शिकतो ते बहुतांशी इंग्रजीत असतात.

पार्श्वभूमी

१९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या न्यायालयांचे व वरिष्ठ प्रशासनाचे कामकाज उर्दूत चाले. १९१८ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दूच होते. मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला वकील व्हायचे असल्यास उर्दूवर प्रभुत्व मिळविणे किंवा संस्थानाबाहेर जाणे हे दोनच मार्ग होते. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय (स्थापना १८५५) आणि पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय (स्थापना १९२४) ही त्या काळातील बाहेरची प्रमुख केंद्रे होत.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले. त्याच वर्षी औरंगाबाद येथे माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय सुरू झाले. हैदराबाद मुक्तिलढ्यातील एका वकिलाचे नाव या महाविद्यालयाला देण्यात आले आहे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार झाला.

राज्यपुनर्रचनेने मराठवाड्याचे उच्च न्यायालय हैदराबादहून मुंबईला गेले. त्यामुळे अपिलासाठी मुंबई गाठणे भाग पडू लागले. प्रदीर्घ मागणीनंतर ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबाद येथे न्यायाधीशांचे कामकाज सुरू झाले. मुख्य न्यायमूर्तींच्या या अधिकाराला देण्यात आलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक या खटल्यात, निकाली काढले व पीठ कायम राहिले. १९८४ मध्ये तेथे कायमस्वरूपी खंडपीठ अस्तित्वात आले. मराठवाड्यातील वकिली व्यवसायाचे गुरुत्वकेंद्र या घटनेने बदलले. जिल्हा न्यायालयात सुरुवात करून काही वर्षांनी खंडपीठात जाण्याचा मार्ग तेव्हापासून सामान्य कुटुंबातील पदवीधराच्या आवाक्यात आला. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले आणि शेजारचा सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत गेला. धाराशिव जिल्हा मात्र औरंगाबाद खंडपीठाच्याच अधिकारक्षेत्रात आहे. परिणामी सोलापूर शहर जवळ असूनही उच्च न्यायालयाच्या कामासाठी या जिल्ह्यातील वकिलाला उत्तरेकडेच जावे लागते.

जिल्ह्याचे नामांतर हाही न्यायालयीन प्रश्न झाला होता. २०२३ मध्ये 'धाराशिव' हे नाव अधिकृत झाल्यावर त्याविरुद्ध दाखल झालेल्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये फेटाळल्या. गावाचे, तालुक्याचे व जिल्ह्याचे नाव बदलण्याचा शासनाचा अधिकार कोणत्या तरतुदीतून येतो, हे समजण्यासाठी हा निकाल प्रशासकीय कायद्याच्या विद्यार्थ्याला घराजवळचे उदाहरण ठरतो.

महाविद्यालय व संस्था

श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेची स्थापना शिक्षणमहर्षी डॉ. बापूजी साळुंखे यांनी १९५४ मध्ये केली. पश्चिम महाराष्ट्रात उगम पावलेल्या या संस्थेने धाराशिवमध्येही शाखा काढल्या. शहरातील रामकृष्ण परमहंस महाविद्यालय हे याच संस्थेचे आहे. विद्यापीठाचे एक उपकेंद्रही २००४ पासून धाराशिव येथे आहे. तुळजापूर येथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर असून तेथील अभ्यासक्रम विधीचे नव्हे तर सामाजिक कार्य व ग्रामविकासाचे आहेत. तथापि जमीन, पाणी, स्थलांतर व उपजीविका हे दोन्ही ज्ञानशाखांचे समान विषय होत.

प्रवेश

विधी पदवीचे दोन अभ्यासक्रम असतात. बारावीनंतरचा एकात्मिक अभ्यासक्रम पाच वर्षांचा, तर कोणत्याही शाखेच्या पदवीनंतरचा तीन वर्षांचा असतो. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गास पात्रता परीक्षेत किमान ४५ टक्के, इतर मागास प्रवर्गास ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के गुण आवश्यक आहेत. महाराष्ट्रात २०१६ पासून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा अनिवार्य झाली. ही परीक्षा मराठी माध्यमातही देता येते व चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी देशपातळीवरील परीक्षा मात्र केवळ इंग्रजीत असते. महाराष्ट्रात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. त्यांपैकी संभाजीनगरचे विद्यापीठ २०१७ मध्ये सुरू झाले. मराठवाड्यात राष्ट्रीय दर्जाचे विधी विद्यापीठ आले, तरी मराठी माध्यमातून शिकलेल्या ग्रामीण विद्यार्थ्यासाठी त्याचा दरवाजा भाषेमुळे व शुल्कामुळे अरुंदच राहिला. म्हणून जिल्हा पातळीवरील विधी महाविद्यालयाचे महत्त्व कमी झालेले नाही.

अध्ययन व दैनंदिन जीवन

विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार विधी पदवीचा अभ्यासक्रम पूर्णवेळ असून प्रत्येक विषयात ७० टक्के उपस्थिती अपेक्षित असते. एकाच वेळी दुसरा नियमित पदवी अभ्यासक्रम करता येत नाही. 'नोकरी सांभाळून वकिली शिकणे' ही जुनी कल्पना नियमांना मान्य नाही. प्रत्यक्षात तीन वर्षांच्या वर्गात नुकते पदवीधर झालेले, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, शेती पाहणारे आणि वयाने बरेच मोठे असे विद्यार्थी एकत्र बसतात. या मिश्र वयोगटाचा वर्गातील चर्चेला लाभ होतो, कारण वारसा, वाटणी वा मोजणीचा अनुभव असलेला कोणी ना कोणी वर्गात असतोच.

तालुक्यांच्या गावांहून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांचा आधार म्हणजे राज्य परिवहन महामंडळाची एसटी. विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत मिळते. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. परंडा किंवा उमरग्यासारखी जिल्ह्याच्या टोकाची गावे रोजच्या प्रवासासाठी दूर पडतात. अशा वेळी वसतिगृह किंवा भाड्याची खोली घ्यावी लागते.

शिक्षणशुल्क व निर्वाहासाठी शासनाच्या अनेक योजना असून त्यांपैकी बहुतेकांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना या त्यांतील प्रमुख होत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र व बँक खात्याची जोडणी यांपैकी एकही कागद राहिला तर रक्कम अडकते. कायद्याच्या विद्यार्थ्याचा प्रशासनाशी पहिला व्यवहार बहुधा याच कागदांवरून होतो.

न्यायालयाची भाषा

संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार, संसदेने अन्यथा तरतूद करीपर्यंत, सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा ठरविण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. महाराष्ट्र शासनाने १९९८ च्या अधिसूचनेने काही अपवाद वगळता मराठी ही कनिष्ठ न्यायालयांची भाषा म्हणून घोषित केली. विद्यापीठाने प्रादेशिक भाषेत शिकविण्यास वा उत्तरे लिहिण्यास मुभा दिल्यास विद्यार्थ्याने इंग्रजी हा विषय अनिवार्यपणे घ्यावा, असा विधिज्ञ परिषदेचा नियम आहे.

ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला त्यामुळे एकाच संकल्पनेची तीन नावे शिकावी लागतात. पाठ्यपुस्तकातील 'रिटन स्टेटमेंट' न्यायालयात 'कैफियत' असते आणि शासकीय परिभाषेत 'लेखी कथन' होते. 'डिक्री'ला जुने वकील 'हुकूमनामा' म्हणतात, तिच्या अंमलबजावणीच्या अर्जाला 'दरखास्त'. 'इंजंक्शन'साठी 'मनाई हुकूम' हा शब्द रूढ आहे, तर कोशात 'व्यादेश' सापडतो. साक्षीदाराची 'सरतपासणी' व 'उलटतपासणी', दाव्याचा 'रोजनामा', कागदाची 'नक्कल', समन्स घेऊन जाणारा 'बेलिफ' हे शब्द पुस्तकात क्वचित आणि न्यायालयाच्या आवारात पदोपदी भेटतात. यांतील बरेच शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले असून मराठवाड्यात संस्थानी राजवटीमुळे त्यांची मुळे अधिक खोल आहेत. भाषा संचालनालयाचा 'न्यायव्यवहार कोश' या सर्व स्तरांना जोडणारे उपयुक्त साधन आहे. केवळ इंग्रजी पुस्तकांवर विसंबणारा विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होतो, पण पक्षकाराची हकिकत ऐकून तिचा दावा लिहिताना अडखळतो. केवळ मराठीवर विसंबणाऱ्याला तसेच अडखळणे खंडपीठात अनुभवावे लागते.

अलीकडे या दरीवर काही पूल बांधले गेले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अधिकृत निर्णयसंग्रहाची डिजिटल आवृत्ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली आणि निवडक निकालांची मराठीसह प्रादेशिक भाषांतील भाषांतरे उपलब्ध करून देण्यास प्रारंभ केला. घटनापीठापुढील सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण सप्टेंबर २०२२ पासून होत आहे. महागड्या निकालसंग्रहांची वर्गणी भरू न शकणाऱ्या ग्रंथालयांसाठी हा बदल मोठा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाल्याने फौजदारी कायद्याची जुनी पुस्तके एका दिवसात अपुरी ठरली. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांसाठी भारतीय दंड संहिताच लागू असल्याने विद्यार्थ्यांना काही वर्षे तरी दोन्ही क्रमांक पाठ ठेवणे भाग आहे.

जमिनीचे कायदे

मराठवाड्यातील विधी शिक्षणाचे वेगळेपण जमीनविषयक कायद्यांत सर्वाधिक दिसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा राज्यभर लागू आहेत, परंतु कूळ कायदा एकच नाही. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा मुंबई कूळवहिवाट कायदा लागू होतो, विदर्भात त्याचा स्वतंत्र कायदा आहे, तर मराठवाड्यात हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५० लागू आहे. 'संरक्षित कूळ' ही त्यातील मध्यवर्ती संकल्पना असून अशा कुळाला मालकी मिळण्याची तरतूद कलम ३८-ई मध्ये आहे. पुण्या-मुंबईत छापलेल्या मार्गदर्शकांत या कायद्याला सहसा थोडी जागा मिळते. धाराशिवच्या न्यायालयांत व महसूल कार्यालयांत मात्र त्यावाचून चालत नाही. इनाम जमिनींबाबतही हैदराबाद राज्याचा १९५४ चा स्वतंत्र निर्मूलन कायदा आहे. तुळजापूरसारख्या तीर्थक्षेत्राच्या परिसरात देवस्थान इनामाचे प्रश्नही अभ्यासाचे ठरतात.

या दाव्यांत सातबारा व फेरफाराच्या जोडीला खासरा पत्रक व पहाणी पत्रक हे जुने अभिलेख पुराव्यात येतात. निजामकालीन नोंदी उर्दू व मोडीत असतात आणि त्यांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळविल्यास इसवी सन स्थूलमानाने कळतो. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा या लिपींच्या जाणकारांची उणीव सर्वांच्या लक्षात आली. मोडी किंवा उर्दू वाचता येणे ही येथील वकिलासाठी हौसेची बाब राहिलेली नाही.

अभिरूप न्यायालय व प्रत्यक्ष अनुभव

पदवीच्या अभ्यासक्रमात चार प्रात्यक्षिक विषय अनिवार्य आहेत. त्यांत दावे व दस्तऐवजांचे लेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वादनिवारण आणि अभिरूप न्यायालय व आंतरवासिता यांचा समावेश होतो. शेवटच्या विषयात प्रत्येक विद्यार्थ्याने तीन अभिरूप खटल्यांत बाजू मांडावी, एक दिवाणी व एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून त्याची नोंद ठेवावी आणि वकिलाच्या कार्यालयात वा विधी साहाय्य केंद्रात पक्षकारांच्या दोन मुलाखतींचे निरीक्षण करावे, अशी अपेक्षा असते. आंतरवासितेचा किमान कालावधी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे आहे.

महानगरातील विद्यार्थी आंतरवासितेसाठी मोठ्या विधी कंपन्यांकडे पाहतो. जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायालय हीच प्रयोगशाळा असते. येथे खटल्याचे निरीक्षण करणारा विद्यार्थी जामीन, पोटगी, वाटणी, अपघात भरपाई व धनादेश अनादर ही प्रकरणे एका सकाळी पाहू शकतो. हा लाभ मोठा आहे, मात्र नोंदवही मित्राच्या वहीवरून उतरवून काढल्यास तो शून्यावर येतो. आंतरमहाविद्यालयीन अभिरूप न्यायालय स्पर्धा हे कौशल्य अजमावण्याचे दुसरे क्षेत्र होय. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धा, उदाहरणार्थ मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाची डी. एम. हरीश स्मृती स्पर्धा, इंग्रजीत होतात. त्यांत उतरण्यासाठी संशोधन, लेखी निवेदन व तोंडी युक्तिवाद या तिन्हींची तयारी लागते.

विधी साहाय्य

प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र असणे नियमाने आवश्यक आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतील व्यक्ती, आपद्ग्रस्त व अल्प उत्पन्न गटातील नागरिक मोफत विधी सेवेस पात्र असतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या शिबिरांत व लोकअदालतींत विद्यार्थी साहाय्य करू शकतात, तसेच विधी स्वयंसेवक म्हणून नोंदणी करू शकतात. या कामात खटला लढविता येत नाही, परंतु अर्ज लिहून देणे, कागदपत्रे तपासणे आणि योग्य कार्यालयाची वाट दाखविणे शक्य असते.

जिल्ह्यातील शेतीमुळे या साहाय्याला ठोस विषय मिळतात. २०२० च्या खरिपात काढणीच्या वेळी झालेल्या पावसाने सोयाबीनचे नुकसान झाले. नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली नाही, या कारणावरून असंख्य शेतकऱ्यांना पीकविमा नाकारण्यात आला. त्याविरुद्धच्या याचिकांवर औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. सूचनेची मुदत, तिचा पुरावा आणि पंचनाम्याचे मूल्य हे मुद्दे शेतकऱ्याला नुकसानीच्या दिवशीच कळले तर पुढील वाद टळू शकतो. बालविवाह प्रतिबंध, कौटुंबिक हिंसाचार, मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतील हक्क आणि ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचे प्रश्न हे शिबिरांचे इतर विषय होत.

पदवीनंतर

पदवीधराने महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेकडे नोंदणी करून सनद घ्यावी लागते. काही राज्यांत नोंदणीचा खर्च चाळीस हजार रुपयांहून अधिक झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात अधिवक्ता अधिनियमातील मर्यादेपेक्षा, म्हणजे खुल्या प्रवर्गास ७५० व अनुसूचित जाती-जमातींस १२५ रुपयांपेक्षा, अधिक नोंदणी शुल्क आकारता येणार नाही असा निर्णय दिला. नोंदणीनंतर अखिल भारतीय विधिज्ञ परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ही परीक्षा मराठीतही देता येते आणि तिची वैधता घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केली आहे.

वकिलीची पहिली वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात जातात. या काळात उत्पन्न तुटपुंजे असते, कधी नसतेच. त्यामुळे वकिलीची परंपरा नसलेल्या घरांतील अनेक पदवीधर स्पर्धा परीक्षांकडे वळतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोग दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी आणि सहायक सरकारी अभियोक्ता या पदांसाठी परीक्षा घेतो. न्यायाधीशपदासाठी पूर्वी ५५ टक्के गुण मिळविणाऱ्या नव्या पदवीधरालाही वकिलीच्या अनुभवाविना संधी होती. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची वकिली देशभर आवश्यक केली. न्यायाधीशाला न्यायालयाचा अनुभव असावा हे तत्त्व सर्वसाधारणपणे मान्य झाले, परंतु ही तीन वर्षे पोट कसे भरावे हा प्रश्न अल्प उत्पन्न गटातील पदवीधरांसाठी, विशेषतः घरून लग्नाचा आग्रह होणाऱ्या मुलींसाठी, कठीण झाला. न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले काम या अनुभवात धरले जाते. उच्च न्यायालयाची अशी योजना असून ग्रामीण महाविद्यालयांत तिची माहिती कमी पोचते. जिल्हा पातळीवरील आरोपींच्या बचावासाठी २०२२ पासून राबविली जाणारी विधी साहाय्य बचाव वकील योजना मानधनासह काम देते व तीत कनिष्ठ वकिलांसाठी साहाय्यक पदे असतात.

पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन वर्षांचा पारंपरिक आणि २०१३ पासून मान्य झालेला एक वर्षाचा असे दोन प्रकारचे एलएलएम अभ्यासक्रम आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या मुंबई परिसरात न्यायाची उपलब्धता या विषयावर भर देणारे एलएलएम शिकविले गेले आहे. अध्यापनासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्याचा मार्ग आहे. कायदा व मराठी लेखन यांची सांगड घालणाऱ्यांत बीडचे न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर यांचे नाव मराठवाड्यात प्रथम घेतले जाते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होण्यापूर्वी त्यांनी मराठीचे अध्यापन केले होते. २०२३ मध्ये वर्धा येथे भरलेल्या ९६ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि हैदराबाद संस्थानचा इतिहास हा त्यांच्या लेखनाचा एक प्रमुख विषय होता.